नाटकाचे कपडे स्वतः शिवायचे आहेत, सुरुवात कुठून करू? (आणि अंगरखा काखेतच का फाटतो?)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आमचा सांगलीत हौशी नाट्यग्रुप आहे, नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करणारे आम्ही चौदा जण. यंदा पेशवाईतलं नाटक घेतलंय. दरवर्षी कपडे ड्रेपरीवाल्यांकडून भाड्याने आणतो आणि दरवर्षी तीच रड, कुणाला आखूड, कुणाला ढगळ, घामाचा वास आणि नेमका ऐन प्रवेशात काखेत फाटलेला अंगरखा. गेल्या वर्षी आमच्या मुख्य नटाने तलवार उपसून हात वर केला आणि टर्रकन आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. पुढचा सगळा प्रवेश त्याने कोपर अंगाशी धरून केला, बघवत नव्हतं.
त्यानंतर एक अंगरखा मुद्दाम शिवून घेतला. हात मोकळा फिरावा म्हणून मुंढा (बाही जोडायची गोलाई) चांगला दीड इंच खोल ठेवायला सांगितला, तर ते अजूनच वाईट झालं. हात वर केला की अख्खा अंगरखा वर चढतो आणि दोन तालमीत शिवण उसवली. हे असं का होतं ते मला कळत नाहीये, इतका ढगळ असून फाटतो कसा?
म्हणून ठरवलंय की आता मीच शिकणार. घरी आईचं पायाचं उषा मशीन आहे, सरळ टीप येते, उशांचे अभ्रे, पडदे, साडीला फॉल एवढं केलंय. अंगावरचा कपडा कधी शिवला नाही. क्लास लावू का घरीच शिकू? कापड कुठलं घेऊ? प्रयोगाला सव्वादोन महिने आहेत. पाच अंगरखे, तीन बाराबंद्या (बंदांनी बांधायचे सदरे) आणि दोन नऊवाऱ्या लागतील.

झुळूक
क्लास लावा सरळ. तीन महिन्यात ब्लाउज शिकवतात आणि एकदा ब्लाउज जमला की जगातलं काहीही शिवता येतं. माझी मावशी हेच सांगायची.

पडद्यामागे
सव्वादोन महिन्यात दहा पोशाख आणि तेही शिकत शिकत? ताई, हिंमत आहे तुमची. नऊवाऱ्या शिवू नका, नेसवा. दोन पोशाख तिथेच कमी झाले.

रीळ_चाळीस
ताई, मुंढा खोल केला तिथंच घोटाळा झाला. माझे वडील सोलापुरात शिंपीकाम करायचे, मी दुकानातच लहानाचा मोठा झालो, त्यामुळं यावर जरा सविस्तर लिहितो.
आधी एक करून बघा. अंगातल्या कुर्त्याची काखेतली शिवण चिमटीत धरा, तीन इंच खाली ओढा आणि तिथंच कुशीला दाबून धरा. आता हात वर करा. येतोय का? नाही येत, कारण बाही खाली बांधली गेली. मुंढा जितका खोल तितकी बाही अंगाला खालच्या बाजूला जोडलेली, मग हात एकटा वर जात नाही, सगळा अंगरखा सोबत घेऊन जातो. आणि तुमच्या नटाच्या कमरेला शेला करकचून आवळलेला असणार, बरोबर? खालून शेल्यानं धरलंय, वरून हात ओढतोय, अंगरख्यानं जायचं कुठं? फाटतो. ढगळपणाचा इथं काही उपयोग नाही, उलट खोल मुंढा हा दिसायला मोकळा आणि वापरायला बेडी.
जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. आमच्याकडं संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, त्यात नंदीध्वज घेऊन चालणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात. तो एवढा उंच नंदीध्वज पेलायचा म्हणजे हात, खांदे, पाठ सगळं चालतं. वडील ज्या बाराबंद्या शिवायचे त्यात मुंढा काखेला लागून वर असायचा, बाही सरळ, वर गोलाई जवळजवळ नाहीच, आणि काखेत एक चौकोनी तुकडा. त्याला आम्ही चौबगला म्हणतो, कुणी नुसतं बगल म्हणतात. एवढ्याशा तुकड्यात सगळी करामत आहे.
तो चौकोन असा बसतो की एक टोक कोपराकडं, समोरचं टोक कमरेकडं. हात वर गेला की ताण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, म्हणजे कापडाच्या उरेबमध्ये, तिरक्या दिशेत येतो. आणि उरेब म्हटल्यावर कापड ताणतं. हात खाली आला की तुकडा घडी होऊन काखेत लपतो, बाहेरून दिसतसुद्धा नाही.

कृष्णाकाठची
रीळदादा, चिमटीत धरून करून बघितलं!! खरंच हात खांद्याच्या वर जाईना. एक वर्ष डोक्यात बसलेलं कोडं दोन मिनिटात सुटलं. आणि हो, शेला करकचूनच बांधतो आम्ही, तलवार त्यातच खोचलेली असते.

झुळूक
हे भारी आहे. पण म्हणजे क्लास नकोच असं नाही ना? माप घेणं, कापणं हे कुणीतरी हात धरून दाखवावंच लागतं.

उरेब_आणि_मी
झुळूकताई, क्लास वाईट नाही पण ब्लाउजपासून सुरुवात करायला माझा विरोध आहे. मी कॉस्च्युमचंच काम करते गेली नऊ वर्षं. ब्लाउज हा शिवणकामातला सगळ्यात अवघड कपड्यांपैकी एक आहे, अंगाला घट्ट, टक्स, मुंढ्याची गोलाई, बाहीची गोलाई, गळ्याची उरेब पट्टी, हूक, अस्तर, सगळं एका वीतभर कपड्यात. नवीन माणूस त्यात रडकुंडीला येतो आणि मशीन पुन्हा कपड्याखाली झाकून ठेवतो, असे कितीतरी बघितलेत. आपले जुने कपडे, अंगरखा, बाराबंदी, कुडता, सुरवार, हे बहुतेक चौकोन आणि कळ्यांचे, म्हणजे घेरासाठी जोडलेल्या निमुळत्या तिरक्या तुकड्यांचे असतात. कापड हातमागावर खपून विणलेलं असायचं, वाया घालवणं परवडायचंच नाही, म्हणून कापणीच अशी की चिंधी उरत नाही. जिला पडद्याची सरळ टीप येते तिला अंगरखा येईल. ब्लाउज येईलच असं नाही.
कृष्णाकाठची, माझा सल्ला एकच: आधी पाच मीटर मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड आणा. कोरं, बिनधुतलेलं मांजरपाट. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. भिजवल्याशिवाय कापू नका, सुती कापड आटतं आणि मांजरपाट जरा जास्तच आटतं. पहिला अंगरखा त्यात शिवा आणि तो नटाला घालून तालमीत तलवार उपसायला लावा. जिथे ओढतंय तिथे त्याच्या अंगावरच खडूने खूण करा, उसवा, पुन्हा शिवा. आम्ही कितीही महागाचा पोशाख असला तरी पहिला कच्चा साचा मांजरपाटाचाच करतो.

मालवणी_मुलूख
हे वाचताना आमच्या दशावताराची आठवण आली. जत्रेत देवळाच्या बाजूला मांडी घालून बसलेले नट, समोर आरसा, स्वतःच रंग लावतायत, स्वतःच पोशाख चढवतायत. लहानपणी आम्ही नाटक सुरू व्हायच्या आधी दोन तास तेच बघायला जायचो. राजा झालेला माणूस दिवसा शेतात असतो पण रात्री तो भरजरी अंगरखा चढला की चालच बदलते. बिघडलेला पोशाख त्यांच्यातलाच कोणीतरी पेटाऱ्यातून सुईदोरा काढून तिथल्या तिथे टाचतो. कपड्याला हात लावायची भीतीच नसते त्यांना, हे मला फार शिकण्यासारखं वाटतं.

पडद्यामागे
मालवणी, अगदी. आमच्याकडे नटाला बटण लावता येत नाही आणि "कपडेपट बघेल" म्हणून हात वर करतात. तेही काखेत फाटेपर्यंत ;)
आता माझे चार पैसे. बत्तीस वर्षं विंगेत उभा आहे. नाटकाचा कपडा आणि रोजचा कपडा यात काही मूलभूत फरक आहेत ते आधीच लक्षात घ्या.
आत माया भरपूर सोडा. माया म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड. रोजच्या कपड्याला अर्धा इंच पुरते, नाटकाच्या कपड्याला बाजूच्या शिवणीत एक ते दीड इंच सोडा. नट आजारी पडतो, बदली येतो, तो दहा किलोने जाड असतो. माया असेल तर रात्रीत उसवून पुरा करता येतो.
दुसरं म्हणजे कपडे बदलायला किती सेकंद मिळतात ते संहिता घेऊन मोजा. अंगरख्याचे बंद नुसते दिसायला बाहेर ठेवा आणि आत प्रेसबटणं लावा. वेल्क्रो लावू नका, शांत प्रवेशात विंगेतून खर्रर्र आवाज येतो तो बाल्कनीत पोचतो.
आणि पांढराशुभ्र कपडा स्टेजवर आणू नका. लाइटमध्ये तो इतका चमकतो की नटाचा चेहरा काळवंडतो. धोतर, बाराबंदी चहाच्या पाण्यात बुडवून काढा. चार लिटर उकळत्या पाण्यात मूठभर चहा पावडर, गाळून घ्या, दहा मिनिटं कापड हलवत राहा म्हणजे डाग पडणार नाहीत. घरात पिवळट वाटेल, स्टेजवर अगदी पांढरं दिसेल.

झुळूक
"आत माया भरपूर सोडा" हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला वा, लग्नाच्या रुखवतात लिहून ठेवण्यासारखं आहे :)

एडिसनकर
आमच्या मंडळात गणपतीला दरवर्षी नाटक असतं, न्यू जर्सीत पेशवाईचे कपडे भाड्याने मिळणार कुठून, त्यामुळे गेली सात वर्षं आम्ही चौघी बेसमेंटमध्ये शिवतोय. इथे कागदी पॅटर्नची पाकिटं मिळतात पण अंगरख्याला ती काही कामाची नाहीत हे पहिल्याच वर्षी कळलं, कारण त्यातली बाही शर्टाची असते, वरची गोलाई उंच, म्हणजे रीळदादा म्हणतात तीच गत. शेवटी आजेसासऱ्यांचा जुना अंगरखा भारतातून मागवला आणि त्याच्यावरून शिकलो. उसवला नाही हां, आतून बाहेरून मापं घेतली, प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर काढला. माझ्या मते हाच सगळ्यात चांगला क्लास. एक जुना कपडा आणि एक शांत दुपार.
सुईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. मांजरपाटाला १४ नंबर, पातळ रेशमाला ११, कॅनव्हास किंवा बकरम असेल तर १६. आम्ही पहिल्या वर्षी एकाच सुईने सगळं शिवलं आणि रेशमावर प्रत्येक टाक्याशी भोक पडलं, ते इस्त्रीने जात नाही. आणि दर पोशाखाला नवी सुई लावा, सुई स्वस्त आहे कापड महाग आहे.

कृष्णाकाठची
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतेय. आज दोन गोष्टी केल्या. मांजरपाट भिजवलं (पाच मीटरचं जवळजवळ पावणेपाच झालं!!) आणि दुकानात जाऊन मुख्य अंगरख्यासाठी कापड बघितलं. दुकानदाराने सिल्क म्हणून जे दाखवलं ते साडेतीनशे रुपये मीटर आहे, राणी रंग, छान झळाळी. घेऊ का? थोडा नमुना कापून आणलाय.

रीळ_चाळीस
साडेतीनशेत राणी रंगाचं सिल्क? नमुना जाळून बघा.

कृष्णाकाठची
म्हणजे??

उरेब_आणि_मी
म्हणजे खरंच जाळायचा :) काठाचे चार-पाच धागे उसवून काढा, उभे वेगळे आणि आडवे वेगळे. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून मेणबत्तीला लावा, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. सुती असेल तर कागदासारखं भराभर जळतं, वास कागदाचा, राख मऊ राखाडी. खरं रेशीम जळायला नाखूष असतं, ज्योत काढली की बहुधा विझतं, केस जळल्याचा वास येतो आणि काळा गोळा होतो तो बोटात चुरतो. पॉलिस्टर वितळतं, आकसतं, आणि जो मणी होतो तो कडक, बोटाने फुटत नाही. गरम असताना हात लावू नका, चटका जबर बसतो. उभा आणि आडवा वेगळा जाळायचं कारण हे की पुष्कळदा एका दिशेने एक धागा आणि दुसरीकडून वेगळाच असतो.

कृष्णाकाठची
जाळलं. दोन्हीकडचे कडक काळे मणी. शंभर टक्के पॉलिस्टर. आई म्हणतेय स्वयंपाकघरात कसला वास येतोय.

तळेगावचा_तानाजी
इथे थोडा वेगळा सूर लावतो. पॉलिस्टरला इतकं वाळीत टाकू नका. नाट्यस्पर्धेचं केंद्र बाहेरगावी असतं, कपडे टेम्पोतून ट्रंकेत कोंबून जातात, पोचल्यावर इस्त्रीला प्लग मिळेलच याची खात्री नाही. पॉलिस्टर चुरगळत नाही, रात्री धुतलं की सकाळी वाळतं आणि हौशी ग्रुपचं बजेट बघायला नको का. बारा रांगांपलीकडून कोण धागा जाळून बघणार आहे?

पडद्यामागे
तानाजीराव, टेम्पोचं पटतं. पण वरून सात-आठ हजार वॅटचे लाइट असतात आणि नट दीड तास घामाने निथळतो, पॉलिस्टरच्या आत घाम जिरत नाही. आणि त्याची चमक एकसारखी सपाट असते, लाइटखाली प्लॅस्टिकसारखी दिसते ती मागच्या रांगेतूनही कळते. माझा मधला मार्ग: जे अंगाला लागतं, म्हणजे अस्तर, ते सुतीच. वरचं कापड काहीही असो. आणि काखेत सुती कापडाचे दोन अर्धगोल तुकडे नुसत्या धावदोऱ्याने टाचून ठेवा, प्रयोग झाला की काढून धुवा. अंगरखा वाचतो.
अजून एक, राणी रंग घ्यायच्या आधी प्रकाशयोजना करणाऱ्याला विचारा. लढाईच्या प्रवेशाला लाल लाइट असेल तर लाल कपडा फिका पडतो आणि हिरवा काळपट दिसतो. आमच्या एका नाटकात हिरव्या शालूतली राणी ऐन प्रवेशात काळ्या साडीत दिसली होती, प्रेक्षकांना वाटलं सुतकात आहे.

इंद्रायणी_तीर
कापडावरून आठवलं, वेलवेट घेणार असाल तर लव बघून कापा. वेलवेटवर एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला की अडखळतं. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायला लागतात. मी शाळेच्या स्नेहसंमेलनाला सेनापतीचा वेलवेटचा अंगरखा शिवला होता, अर्धा मीटर कापड वाचवायला डावी बाही उलटी लावून कापली. घरी ट्यूबच्या उजेडात काही कळलं नाही. स्टेजवर लाइट पडला आणि एक बाही जांभळी, एक जवळजवळ काळी. मुलगा बिचारा छान बोलला पण माझी नजर त्या बाहीवरून हलेना. त्या दिवसापासून कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर मागून खडूचा बाण काढते, सुती असलं तरी.

झुळूक
बापरे. हे क्लासमध्ये नाही सांगितलं कुणी.

अंबाबाईच्या_गावची
वाचत होते गपचूप, आता राहवत नाही. शिवणकामाला "बायकांचं घरातलं काम" म्हणणाऱ्यांना मी नेहमी आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैयांची आठवण करून देते. मुंबईच्या जेजे कलाशाळेत चित्रकला शिकलेल्या, आणि १९८३ साली गांधीजींवरच्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. जॉन मोलोंबरोबर विभागून मिळालं ते. पुढे २०१२ मध्ये ती बाहुली त्यांनी सांभाळायला अकादमीकडेच परत दिली. त्या चित्रपटातले कपडे बघा, नुसती खादीसुद्धा माणसागणिक वेगळी दिसते, कुणाची कडक, कुणाची मळकी, कुणाची धुऊन धुऊन पातळ झालेली. भरजरी शिवणं सोपं आहे हो, वापरलेला कपडा दाखवणं अवघड.

उरेब_आणि_मी
+१. आणि वापरलेलं दाखवायची युक्ती: कोपर, गुडघा, गळ्याची कड, खिशाचं तोंड एवढ्याच जागा बारीक पॉलिशपेपरने घासायच्या. कपडा जिथे खरा झिजतो तिथेच. नवीन लोक सगळीकडे रंगाचे फटकारे मारतात, ते चिखलात लोळल्यासारखं दिसतं.
ज्यांना जुने कपडे जवळून बघायचे असतील त्यांनी पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय बघा, काच आडवी येते पण बंद कुठे आहेत, कड कशी संपवलीय हे दिसतं. वही घेऊन जा.

पैठणकर
नऊवारीचं काय झालं? पडद्यामागे म्हणतात नेसवा, पण आजकालच्या मुलींना नऊवारी नेसून पळता येत नाही. माझी बायको शिवलेली नऊवारीच करून देते, नेफ्यात नाडी, कास्टा शिवून टाकलेला, दोन मिनिटात चढते.

पडद्यामागे
पैठणकर साहेब, लहान मुलांच्या नाचाला शिवलेली ठीक. पण पेशवाईतली बाई स्टेजवर बसते, उठते, वाकते, तेव्हा नेसलेल्या साडीच्या निऱ्या हलतात आणि पुन्हा बसतात. शिवलेलीच्या हलत नाहीत, सलवारीसारखी दिसते. आणि पळता येत नाही हे कोण म्हणालं, काष्टा मारून बायका शेतात कामं करायच्या, घोड्यावर बसायच्या. पळायला सहावारीपेक्षा नऊवारी बरी. महिनाभर तालीमच नऊवारीत करा म्हणावं.

पैठणकर
तालीम नऊवारीत ही कल्पना आवडली, मान्य. पण नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, दोन प्रवेशांच्या मध्ये ती सोडून दुसरी नेसायला वेळ किती लागतो ते पण सांगा ना. आमच्या नाटकात चाळीस सेकंद होते. तिथे शिवलेलीच लागते.

पडद्यामागे
चाळीस सेकंदात शिवलेलीच. हरलो :)

कृष्णाकाठची
मंडळी, मांजरपाटाचा अंगरखा झाला!! म्हणजे पाऊण झाला. कापायला अख्खा रविवार गेला. कळ्या कापताना फार मजा आली, लांब पट्टी तिरकी कापली की दोन कळ्या निघतात आणि खरंच चिंधी उरत नाही. पण दोन अडचणी. एक, कळी जोडताना खालच्या टोकाला एक बाजू इंचभर लांब येते, दोन्ही मोजून सारख्या कापल्या होत्या तरी. दोन, चौबगल्याच्या कोपऱ्यात चुणी पडतेय, चार वेळा उसवून झाली, आता कापडच विरायला लागलंय.

उरेब_आणि_मी
पहिल्याचं उत्तर. कळीची एक बाजू सरळ धाग्यात असते आणि एक तिरकी, तिरकी बाजू शिवताना ताणली जाते. म्हणून जोडताना नेहमी एकीची तिरकी बाजू दुसरीच्या सरळ बाजूला जोडायची, तिरकीला तिरकी जोडलीत तर घेर तिथे लोंबतो. आणि मशीनवर तिरकी बाजू खाली ठेवायची, सरळ बाजू वर. खालचे दाते तिरकीला आत ओढून घेतात. आधी वरून खालपर्यंत टाचण्या लावा, दर चार इंचाला. घेर झाला की रात्रभर हँगरला टांगून ठेवा, जे लोंबायचंय ते लोंबू दे, मग खालची कड सारखी करून दुमडा.

रीळ_चाळीस
दुसऱ्याचं मी सांगतो. तुम्ही टीप कापडाच्या काठापर्यंत नेताय. चुणी त्याचीच.
चौकोन तयार पाच इंचाचा हवा असेल तर सहा इंचाचा कापा, चारी बाजूंनी अर्धा इंच माया. आता उलट्या बाजूवर पेन्सिलनं चारही कोपऱ्यात, काठापासून अर्धा इंच आत, एकेक ठिपका द्या. बाहीच्या आणि अंगाच्या तुकड्यावर जिथं हा कोपरा येणार तिथंही ठिपका. शिवायचं ते फक्त ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत. एक टाकासुद्धा पुढं नाही. ठिपक्याशी आलात की उलट दोन टाके मारून दोरा तोडा, कापड काढा, दुसरी बाजू वेगळी शिवा. चार बाजू, चार वेगवेगळ्या टिपा. घाईघाईनं कापड वळवून एकाच टिपेत चारी बाजू घ्यायला जाऊ नका. कोपऱ्यातली माया मोकळी राहिली की ती हवी तिकडं पडते, चुणी पडत नाही.
मशीनचे शेवटचे तीन-चार टाके हातानं चाक फिरवून घाला. वडील पन्नास वर्षं शिवल्यावरसुद्धा कोपऱ्याला चाक हातानंच फिरवायचे.
आणि विरलेल्या कोपऱ्याच्या मागं बोटभर कापडाचा तुकडा लावा, टाकून देऊ नका तो अंगरखा.

एडिसनकर
रीळदादा, ठिपक्यांचं हे सात वर्षं माहीत नव्हतं आम्हाला. आम्ही चुणी लपवायला वरून लेस लावत होतो. आज आमच्या ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकतेय.

तळेगावचा_तानाजी
आणि प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. शिवून झाल्यावर एकदाच नाही, प्रत्येक शिवणीनंतर. मशीनच्या शेजारीच इस्त्री मांडून ठेवा. इस्त्री न केलेल्या शिवणीवर दुसरी शिवण चढली की ती जन्मात सरळ होत नाही.

गंधाली_नागपूर
उशिरा आले. क्लासचं विचारलं होतं ना मूळ प्रश्नात, तर ज्यांच्याकडे सव्वादोन महिन्यांपेक्षा जास्त वेळ आहे त्यांच्यासाठी: आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग आणि सुईंग टेक्नॉलॉजी असे १ वर्षाचे ट्रेड आहेत. मी केलाय. मशीन उघडून साफ करणं, दोऱ्याचा ताण लावणं, काजं, खिसे, कॉलर सगळं रोज करून घेतात. नाटकाचे कपडे शिकवत नाहीत पण हात बसतो. त्यानंतर मी इथल्या इतवारी बाजारातून तागे आणून शाळांच्या गॅदरिंगचे कपडे शिवायला लागले, आज त्यावर घर चालतं. झुळूकताई, ब्लाउजबद्दल तुमचंही बरोबर आहे, मुंढ्याची गोलाई कळायला ब्लाउजच लागतो. फक्त तो पहिला नको, दहावा असू द्या.

झुळूक
गंधाली, मान्य. मी पण मांजरपाट आणायला चाललेय.

कृष्णाकाठची
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा, वर्षअखेरीचं ऑफिसचं काम होतं.
काल तालमीत मांजरपाटाचा अंगरखा आमच्या नटाला घातला. शेला नेहमीसारखा करकचून. मी समोर खुर्ची टाकून बसले आणि त्याला तलवार उपसायला सांगितली. पहिल्यांदा त्याने सवयीने अर्ध्यावरच हात थांबवला. म्हटलं, पूर्ण वर ने. हात कानाला लागला आणि अंगरखा शेल्यातून तसूभरही सुटला नाही. मग तो वीस-पंचवीस वेळा उपसत राहिला, थांबेचना. दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे प्रवेश बदलला, आता तो दोन्ही हात वर करून वाक्य घेतो.
डाव्या काखेत मात्र अजून बारीक चुणी आहे, तो कोपरा मी ठिपका न देता अंदाजाने शिवला होता. उसवलाय. उजवा एकदम साफ आहे, आतून उलटा करून सगळ्यांना दाखवला.
खऱ्या अंगरख्याला सुती-रेशमी मिश्र कापड घेतलंय, जाळून बघूनच, गर्द मोरपंखी, लाइटवाल्याला दाखवून. अस्तर सुती. बाजूला माया दीड इंच. बाराबंद्यांचं कापड इचलकरंजीहून आणलंय, बारा मीटर, आत्ता बादलीत भिजतंय आणि शेजारी चहाचं पातेलं उकळतंय. आमच्यातल्या दोघांनी बटण लावायला शिकून घेतलंय, पडद्यामागे काका, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतेय.
शनिवारी दुपारी दोनपासून माझ्या घरी शिवायला बसतोय. शेजारच्या काकूंनी त्यांचंही मशीन दिलंय. सांगली-मिरजेकडचं कोणी असेल तर निरोप टाका, कळ्या जोडायला हात कमी पडतायत.

रीळ_चाळीस
मी मिरजेत बहिणीकडं आहे शनिवारी. वडिलांची कात्री घेऊन येतो.